नर्मदेच्या भरवशावर दिलेला शब्द

भांडुपच्या टेकडीवरच्या त्या चाळीत मालन घाडीला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. वय एकसष्ट, आवाज खणखणीत, आणि बोटांना मालवणी मसाल्याचा रंग कायमचा चढलेला. बावीस वर्षांपूर्वी तिचा नवरा लवू घर सोडून गेला आणि दहिसरला दुसरं बिऱ्हाड करून राहिला. मालन आठवडाभर रडली. आठव्या दिवशी ती दुसऱ्याच्या डंकावर मिरच्या कुटायला गेली. पुढे घरूनच मसाला विकू लागली आणि मुलाला, निलेशला, बी.कॉम. करून नोकरीला लावलं तेव्हाच तिने सुटकेचा श्वास सोडला. लग्नानंतर निलेश मुलुंडला राहायला गेला.

संध्याकाळी साडेसात वाजता मात्र मसाला बंद. त्या वेळी ‘दार नर्मदेचं’ लागे. नवऱ्याने टाकलेली नर्मदा खानावळ काढते आणि कोणापुढे मान वाकवत नाही, अशी ती मालिका नऊ वर्षं चालली. निलेशच्या साखरपुड्यातही मालन साडेसातला व्याह्यांच्या आतल्या खोलीत टीव्हीसमोर सापडली होती.

“ती नर्मदा म्हणजे मीच आसंय,” असं ती शेजारच्या वनमालाला सांगायची.

यंदा मार्चमध्ये मालिका संपणार अशी जाहिरात आली. त्याच सुमारास दहिसरचं बिऱ्हाडही मोडलं. तिथली बाई आपल्या मुलीकडे निघून गेली आणि लवूला भांडुपची आठवण झाली. निलेश बापाची बाजू घेऊन आला.

“आई, थकलाय गं तो. आता नर्मदेचा नवरा पण परत आलाय ना? बघ ती काय करते.”

“लाथ घालतली.”

“आणि नाही घातली तर?”

नऊ वर्षांचा विश्वास होता. मालन झटक्यात बोलून गेली, “नर्मदा करतली तसा मी करतलंय. शब्द माझो! शेवटच्या भागाक घेऊन ये तुझ्या बापाशीक. माझ्यासमोर बसान बघू दे.”

शेवटच्या दिवशी मालनच्या खोलीत चाळीतल्या बायका दाटीवाटीने बसल्या. कोकणातल्या माणसांचं कुठलंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय पार पडत नाही, तर मालिकेलाही नीट निरोप द्यावा, म्हणून वनमालाने टीव्हीपुढे पाटावर नारळ ठेवला. लवू इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि दाराजवळच्या स्टुलावर बसला. त्याला पाणी कोणी विचारलं नाही.

मालिका संपता संपता नर्मदेने नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं. खानावळीच्या किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. “मालक, तुमच्याशिवाय हे सगळं व्यर्थ होतं,” म्हणाली. सनई वाजली, नावं सरकू लागली.

“व्यर्थ?” मालन टीव्हीवरच ओरडली. “नऊ वर्सां भाकऱ्यो बडवल्यान, ता व्यर्थ?”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. लवूचा चेहरा मात्र उजळला. एके काळी चाळीत गाऱ्हाणं घालावं तर लवूनेच, असा त्याचा लौकिक होता. तो उठला, नारळ हातात घेतला आणि त्याने आवाज लावला, “बा देवा म्हाराजा! आज बाविस वर्सांनी ह्या घराचो मालक घराक इलो हा. झाली चूक पदरात घे आणि ह्येंचो संसार परत सुखाचो कर रे म्हाराजा!”

इथे सगळ्यांनी “व्हय म्हाराजा” म्हणायचं असतं. एकटा निलेश पुटपुटला. बायकांपैकी एकीचाही ओठ हलला नाही.

मालनने पुढे होऊन लवूच्या हातातला नारळ काढून घेतला.

“आई, तू शब्द दिला होतास,” निलेश म्हणाला.

“दिल्लो. त्या नर्मदेच्या भरवशार दिल्लो. तिना माती खाल्ली म्हणान मी खाव?”

“लोक काय म्हणतील?”

“सांग लोकांका, मालनीन शब्द मोडलो. खुशाल सांग. टीव्हीवाल्यांका नर्मदा वाकवूक जमली, मी त्येंच्या पगारार नाय.”

मग तिने नारळ उंच धरला. चाळीत बाईने गाऱ्हाणं घातल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

“बा देवा म्हाराजा! बाविस वर्सां ह्या घर मी एकटीन चालवलंय.”

“व्हय म्हाराजा!” वनमाला सगळ्यांच्या आधी ओरडली.

“ह्या घराक मालक नाय, मालकीण आसा!”

“व्हय म्हाराजा!” आता सगळ्याच.

“जो गेलो, त्येका जंय आसात थंय सुखात ठेव. पण माझ्या दारात परत धाडू नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” या वेळी आवाज खालच्या गल्लीपर्यंत गेला.

लवू चपला शोधू लागला. निलेश मान खाली घालून उभा होता.

“आई, मग बाबांनी जायचं कुठे?”

“तुका दया इली ना? मुलुंडाक तुझ्या घराक ने,” मालन म्हणाली. “पण आधी सुनेक विचार. तिच्या घराची मालकीण ती.”

निलेशने खिशातून फोन काढला आणि बायकोला लावायला गॅलरीत गेला.