दोन वाजताची मालिका

मावशीचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. गजर नसे. उठली की स्टोव्ह पेटवायची, मुलाचा आणि स्वतःचा डबा भरायची, पाच वाजून दहा मिनिटांनी दाराला कडी लावायची. सहाला पाच कमी असताना ती लाँड्रीत घडीच्या टेबलाशी उभी असायची. छत्तीस वर्षांत ती दोनदा उशिरा आली, आणि दोन्ही वेळा कारण खरं होतं.

आमच्या लाँड्रीत इस्पितळाचे कपडे धुतले जात. चादरी, अभ्रे, रुग्णांचे सदरे. तीन मोठी मशीनं, एक तापलेला इस्त्रीचा रूळ, त्याच्या पुढे घडीचं लांब टेबल. रुळातून निघालेली चादर दोघींनी दोन बाजूंनी धरायची, झटकायची, चार घड्या, थप्पी. मावशी आणि तिची जोडीदारीण दिवसाला सहाशे चादरी काढायच्या. कडेला कड जुळली नाही तर मावशी ती चादर उलगडून परत घालायची. जोडीदारीण कुरकुरायची. मावशी ऐकून घ्यायची आणि परतच घालायची.

तिची पहिली पाळी, सहा ते दोन. आमची दुसरी, दोन ते दहा. या एका गोष्टीमुळे पुढचं सगळं घडलं.

टीव्हीवर तेव्हा आमच्या सुट्टीचा रविवार सोडून रोज रात्री आठला एक मालिका लागायची. घाटाजवळ एक लॉज चालवणारी थोरली बहीण, भांडून घर सोडून गेलेला तिचा धाकटा भाऊ, आणि येणाऱ्या प्रत्येक उतारूला भावाबद्दल विचारणारी ती. सगळं गाव बघायचं. आम्ही मात्र आठ वाजता वाफेत उभे. हातात फोन नव्हते आणि एकदा दाखवलेलं परत दाखवत नसत. घरी गेलं की बायकामुलं झोपलेली, आणि सकाळी विचारलं तर म्हणायची, "काय, रडली परत." बस, एवढाच भाग.

आमच्यातल्या शिवणवाल्या वहिनीनं, फाटक्या चादरी शिवणं हे तिचं काम, एकदा मावशीला सहज विचारलं, "काल काय झालं हो?" मावशीची सुट्टी झाली होती, पिशवी खांद्याला होती. पहिल्या पाळीचा शेवटचा घाणा मशीनमधून निघायला दहा-बारा मिनिटं लागायची, तोवर आम्ही एप्रन बांधत रिकामेच. मावशीनं पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्या सगळा भाग सांगितला. शेवटचं वाक्य झालं आणि मशीनची घंटा वाजली.

ते नऊ वर्षं चाललं.

रोज दोन वाजता, बारा मिनिटं, स्वतःच्या वेळेतून. कधी बसली नाही. पदरचं काही घातलं नाही. मध्येच दार वाजलं असेल तर सांगायची, "इथं मी दाराशी गेले होते, दूधवाला होता. परत आले तर ती जिन्यात उभी होती. मधलं मला ठाऊक नाही." रूळ सांभाळणारा आमचा दाजी म्हणायचा, "अहो मावशी, ठोका ना काहीतरी. कोण विचारणारे?" मावशी म्हणायची, "मी विचारणारे."

दाजी हे त्याचं नाव नव्हे. त्याच्या तीन मेव्हण्या लाँड्रीत कामाला होत्या, म्हणून तो सगळ्यांचाच दाजी. तोंडानं फटकळ, पण मावशीच्या गोष्टीला रोज सगळ्यात पुढे.

मग कळलं, मालिका संपणार. शेवटचा भाग पाऊण तासाचा, गुरुवारी आठला. मावशीला नोकरीचे तीन महिने उरले होते.

दाजी म्हणाला, "हा भाग आपण डोळ्यांनी बघायचा. नऊ वर्षं कानांनी बघितला."

मावशी लगेच म्हणाली, "कशाला? मी सांगते ना शुक्रवारी."

"तुम्ही सांगालच हो. पण आमचे डोळे काय गहाण पडलेत?"

सगळे हसले. मावशी हसली नाही. वहिनीला तिनं बाजूला घेऊन विचारलं, "शेवट फसला तर गं?" वहिनी म्हणाली, फसायचा कशाला. मावशी म्हणाली, "फसला तर तुम्ही म्हणाल, नऊ वर्षं म्हातारीनं आपल्याला भलत्यावरच उभं केलं. मग उरलेले तीन महिने मी दोन वाजता करू काय? सरळ घरी जाऊ?" हे वहिनीनं आम्हाला सांगितलं. आम्ही ऐकलं आणि तरी मुकादमाकडे गेलोच.

मुकादम सरळ माणूस. त्यानं पाटीवरचा हिशेब दाखवला. तीन मशीनं आठपर्यंत पंधरा घाणे काढतात. "आठच्या आत अठरा निघाले, रुळातून गेले आणि घडी झाले, तर पाऊण तास तुमचा. सतरा निघाले तर टीव्ही आला तसा परत."

मशीन आपल्या वेळानंच चालतं. पन्नास मिनिटं म्हणजे पन्नास. वाचवायचं ते मशीन थांबलेलं असतानाच. ओला ढीग उपसायचा, नवा भरायचा, झाकण लावायचं, याला आम्हाला एरवी पंधरा मिनिटं लागत. ती सहावर आणायची. आणि जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी सोडायची.

गुरुवारी आम्ही पावणेदोनलाच हजर. दाजीनं घरचा टीव्ही ढकलगाडीवर घालून, वर चादर टाकून, रुग्णासारखा आणला. एरियलची तार खिडकीच्या गजाला बांधली.

पहिला घाणा दोन वाजून बारा मिनिटांनी लागला. ढकलगाड्या झाकणासमोर आधीच लावून ठेवल्या होत्या, कपडे वजन करून, गाठोडी बांधून. घंटा वाजली की तिघं मशीनवर तुटून पडायचे. पाण्यानं जड झालेली चादर खांद्याच्या जोरावर ओढावी लागते. नुसत्या मनगटानं ओढली तर मनगट जातं. पहिला बदल आठ मिनिटांत झाला. दुसरा सात. तिसऱ्याला मुकादम घड्याळ घेऊन उभा होता, साडेपाच.

"दाजी, रूळ मागे पडतोय."

"रूळ मागे नाही पडत, तुम्ही पुढे पळताय. ढीग बघा माझ्यासमोर. मी काय हात उसने आणू?"

सहाच्या सुमाराला बारा झाले. डबे उभ्यानं खाल्ले, एका हातात पोळी आणि दुसऱ्या हातानं गाडी. घडीच्या टेबलावर मात्र ढीग चढत होता. आमच्या पाळीच्या घडीवाल्या दोघी चांगल्या होत्या, पण सहाशे चादरी आठ तासांत काढणं वेगळं आणि तेवढ्याच सहा तासांत काढणं वेगळं. पावणेसातला पंधरा घाणे बाहेर आणि टेबलावर दोन घाण्यांचा डोंगर. मुकादम डोंगराकडे बघून पाटीकडे बघायला लागला.

तेवढ्यात मावशी दारातून आत आली. घरी जाऊन, जेवण करून, परत.

"तुम्ही कशा?" वहिनीनं विचारलं.

"तुमचं काही खरं नाही म्हणून," ती म्हणाली आणि टेबलाच्या टोकाला उभी राहिली. "धर."

त्या सव्वा तासात मी जे हात बघितले ते नंतर कुठे बघितले नाहीत. ज्या भागाची तिला धास्ती, तोच आम्हाला बघायला मिळावा म्हणून ती राबत होती. झटका, कड, घडी, घडी, थप्पी. घाईतही एक चादर तिनं उलगडून परत घातली. दाजी ओरडला, "मावशी, आज तरी सोडा." ती म्हणाली, "आजच्या चादरीवर माणूस झोपणार नाही का?"

अठरावा घाणा सात वाजून सेहेचाळीस मिनिटांनी निघाला. शेवटची थप्पी लागली तेव्हा आठला दोन कमी होते. मुकादमानं पाटीवर अठरा लिहिलं आणि स्वतःसाठी खुर्ची ओढली.

टीव्ही लागला. पडद्यावर एक धिप्पाड बाई जिना उतरून आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. नऊ वर्षांनी थोरली दिसली होती. मावशी म्हणाली, "ही भांडीवाली आहे." थोरली मागून आली. बारीक, नाजूक, बोटात अंगठी. आम्हाला पटेना. आमची थोरली रुंद मनगटांची होती, पायात जुन्या चपला. मावशीनं ती कशी दिसते हे कधीच सांगितलं नव्हतं. आम्हीच सांगणारीचे हात तिला लावले होते.

मग भाग. पहिली पंधरा मिनिटं जुनीच दृश्यं, वर गाणं. मग दहा मिनिटांत तिचा दुष्ट दीर सुधारला, का ते कळलं नाही. मग दार उघडलं आणि धाकटा भाऊ पिशवी घेऊन आत आला. नऊ वर्षं तो पलीकडच्याच गावात होता. सहज आला. तिनं मिठी मारली. संपलं.

टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली. कोणी उठलं नाही.

सगळ्यात आधी दाजी बोलला. "तिनं शोधला म्हणून सापडला का? नाही. बसून राहिली असती तरी आलाच असता. मग नऊ वर्षं कशाला राबवलं तिला?" मग म्हणाला, "आणि आम्हाला."

मावशीनं पिशवी उचलली आणि ती गेली.

शुक्रवारी दोन वाजता आम्ही एप्रन बांधत होतो. मावशीनं शेवटची चादर थप्पीवर ठेवली, टेबल पुसलं, पिशवी खांद्याला लावली आणि दाराकडे निघाली. नऊ वर्षांत पहिल्यांदा सरळ दाराकडे. मशीन फिरत होतं, घंटेला बारा मिनिटं होती.

वहिनी म्हणाली, "मावशी, कोटाचा भाग सांगा ना."

मावशी थांबली. कोटाचा भाग तिसऱ्या वर्षातला. एक उतारू येतो, अंगात धाकट्याचा कोट. थोरली ओळखते पण विचारत नाही. आधी त्याला जेवायला वाढते, अंथरूण घालते. तो झोपल्यावर कोट हातात घेते. तिसरं बटण निळ्या दोऱ्यानं शिवलेलं असतं, तिनंच शिवलेलं. वहिनी शिवणारी बाई. तो भाग तिला फार लागला होता.

"काल बघितलंत ना सगळं?" मावशी म्हणाली.

"काल बघितलं ते कालचं. मला कोट पाहिजे."

दाजी रुळाजवळून म्हणाला, "काय अर्थ आहे? तो पलीकडच्या गावात मजेत होता. हे ठाऊक असताना कोटाला काय चाटायचंय?"

मावशी वळली. "त्या रात्री तिला ठाऊक होतं?"

"तिला नव्हतं. आता मला आहे."

"मग तुम्ही नका ऐकू. मी सांगताना मला ठाऊक नसतं. ती बटणावर बोट ठेवते तेव्हा मी तिच्याबरोबर तिथंच असते, पुढचं मला दिसत नाही. शेवट वाईटच होता. चादरीला डाग राहिला तर मी तो घडीत लपवत नाही, सांगते, हिच्यावर डाग आहे. पण एका डागासाठी थप्पी फेकत नाही कोणी. तुम्हीसुद्धा."

"डाग मधोमध आहे," दाजी म्हणाला.

"मधोमध आहे," ती म्हणाली. तिनं पिशवी खाली ठेवली आणि कोटाचा भाग सांगायला लागली.

तो भाग आम्ही सहा वर्षांपूर्वी ऐकलेला. थोरली भाताचं ताट ठेवते आणि कोटाकडे बघायचं टाळते, तिथं आमच्या एप्रनच्या गाठी अर्ध्यात राहिल्या. उतारू झोपेत कूस बदलतो आणि ती दचकते, तिथं मुकादम दारात येऊन उभा राहिला. घंटा वाजली तरी कोणी हललं नाही. त्या दिवशी आमचा पहिला घाणा चार मिनिटं उशिरा लागला. मुकादमानं ते पाटीवर लिहिलं नाही.

तीन महिने मग जुनेच भाग. रोज एक, आम्ही मागू तो. सगळेच टिकले असं मात्र नाही. आठव्या वर्षातला एक होता, थोरली पुरात नाव घालून पलीकडच्या गावाला जाते आणि रिकाम्या हातानं परत येते. तो मावशीनं अर्ध्यावर सोडला. "हा गेला," ती म्हणाली. "तो तिथंच होता हे आता सांगतानाही आठवतं. शेवटानं हा खाल्ला." असे पाच-सहा भाग गेले. बाकीचे शाबूत राहिले, आणि दोन-चार तर आधीपेक्षा चांगले वाटले.

दाजी परत ऐकायला आला नाही. दोन वाजता बाहेर जाऊन चहा प्यायचा. त्याला कोणी काही म्हटलं नाही. त्यानंही नऊ वर्षं उभ्यानं ऐकलं होतं, चिडायचा त्याला हक्क होता.

निवृत्त झाल्यावर मावशी दर सोमवारी पावणेदोनला फाटकाशी येऊ लागली. आम्ही बाहेर जाऊन ऐकायचो. पण त्या हिवाळ्यात तिचे वरचे दात हलायला लागले, मग पडले. शब्द निसटायचे. एका सोमवारी ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "नीट होत नाही. नीट होत नसेल तर सांगू नये." त्यानंतर दोन महिने आली नाही.

तिच्या पगारातून तोवर खोलीचं भाडं गेलं होतं, आईची औषधं, मुलाचं शिक्षण, मुलाच्या घराचं छप्पर. निवृत्तीचे पैसे मिळाले तेव्हा मुलगा म्हणाला होता, बँकेत ठेव, अडीअडचणीला होतील. तिनं ठेवले. मग एक दिवस एकटीच जाऊन काढले.

मार्चमधल्या एका सोमवारी ती फाटकाशी उभी होती. वहिनीनं विचारलं, "कोणता भाग?" मावशीनं सांगायला सुरुवात केली, आणि एकूण एक अक्षर रस्त्यापलीकडे ऐकू जाईल इतकं स्वच्छ होतं. छत्तीस वर्षांच्या कमाईतून तिनं स्वतःसाठी घेतलेली ही एकच वस्तू. वरच्या दातांची पूर्ण कवळी, दातांच्या डॉक्टरकडची सगळ्यात चांगली.