कॅमेऱ्याची चार्जिंग

आमच्या पत्रकात एकच मागणी होती, तीही ठळक अक्षरांत: पोलिसाच्या छातीवर कॅमेरा असेल, तर कुणाच्या कॉलरला हात घालण्याआधी तो चालू झालाच पाहिजे. तसा कडक नियम करा! बटण साहेबांच्या मर्जीवर चालणार असेल, तर त्याला कॅमेरा कशाला म्हणायचं? शोभेचा बिल्ला म्हणा.

"कागद वाटून काय होऊन राह्यलं रे?" थोरला भाऊ सकाळीच मला हसला होता. तो परतूरला रिक्षा चालवतो. आणि खरंच, तिथल्याच बाजारात लोक माझ्या पत्रकात भजी बांधून नेत होते.

तेवढ्यात कोपऱ्यावर आरडाओरडा झाला. पाहतो तर भावाची रिक्षा आडवी आणि हवालदाराच्या मुठीत भावाची कॉलर!

"मला धक्का मारतो? सरकारी कामात अडथळा! चल ठाण्यात."

"हात बी न्हाई लावला, साहेब!"

हा गुन्हा एकदा लागला की रिक्षा जमा आणि वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा. पण नजर गेली हवालदाराच्या छातीवर. कॅमेरा होता, दिवा बंद! मी गर्दीत घुसलोच.

"कॅमेरा चालू करा साहेब, मंग न्या त्याला."

"चार्जिंग न्हाई. तू कोण रे?"

"ह्याचा भाऊ. होऊ द्या चार्जिंग, थांबतो आम्ही."

हशा पिकला. एका मावशीनं भज्यांचं पत्रक उलगडलं आणि तेलकट कागदावरची आमची मागणी खड्या आवाजात वाचली. लोकांचे मोबाइल वर झाले. मोबाइलची कव्हरं विकणारे चाचा पॉवर बँक घेऊन पुढं आले.

"लेव साब, फुल है."

"पिन बसत न्हाई त्याची."

"बैठती साब. दिनभर यहीच तो बेचता मैं."

चाचांनी वायर पुढं केली. हवालदारानं सगळे मोबाइल पाहिले आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला. वायर न लावताच! म्हणजे चार्जिंग होती!

"आता सांगा साहेब, धक्का कसा मारला ह्यानं?"

हवालदारानं एकदा दिव्याकडं पाहिलं. कॉलर सुटली.

"अहो, रिक्षा जरा बाजूला घ्या," तो म्हणाला. अहो! घ्या!

भावानं किक मारली.

"बस मागं," तो मला म्हणाला, "अन् ते कागद दे इकडं. भोकरदनला बाजार कवा असतो?"