एखादा चांगला आजार

लातूरकडच्या माणसाचं मन बिघडलं की घरचे त्याला नांदेडला आणतात आणि नांदेडकडच्याला लातूरला नेतात. दवाखान्यात ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून हा खटाटोप. मग दोन्हीकडची माणसं अहमदपूरच्या बसस्टँडवर चहाला उतरतात, एकमेकांना बरोबर ओळखतात आणि ‘लग्नाला चाललोय’ असं सांगतात. पितृपंधरवड्यातही यांची लग्नं थांबत नाहीत. मी नांदेडच्या एका सरकारी दवाखान्यात, मनोविकाराच्या वॉर्डात नर्स आहे. त्यामुळे ही वऱ्हाडं शेवटी कुठे उतरतात ते मला ठाऊक आहे.

असंच एक वऱ्हाड दोन वर्षांपूर्वी लातूरकडच्या मुरुडहून आलं, सासू आणि सून. सून पंचविशीची. महिनाभर धड जेवली नव्हती, कुणाशी बोलत नव्हती, वेणीसुद्धा सासूच घालायची. नवरा आला नव्हता, कारण कापडाचं दुकान बंद दिसलं तर लोक चौकशी करतात. डॉक्टरांनी नैराश्य म्हणून सांगितलं तेव्हा सासू चिडली.

“काय कमी हाय हिला? फ्रिज हाय, स्कूटी हाय, नवरा पीत न्हाई. काय म्हणून उदास व्हावं माणसानं?”

नवरा पीत नाही, हे आमच्याकडे बाईच्या सुखाचं सर्टिफिकेट आहे. ते मिळाल्यावर पुन्हा रडायची सोय नाही.

पण बाई मनानं वाईट नव्हती. सुनेला घास भरवताना तिचं स्वतःचं तोंड उघडायचं. दुसऱ्या दिवशी तिनं मला कपड्यांच्या खोलीपाशी गाठलं आणि हळूच म्हणाली, “सिस्टर, एखादा चांगला आजार सांगा ना.”

मला आधी कळेनाच.

“धाकट्या लेकीला बघायला येऊन राहिलेत. वहिनी कुठंय म्हणून विचारलं तर काय सांगू? लोकाला सांगता येईल असा एखादा सांगा.”

खरं म्हणजे मी नाही म्हणायला हवं होतं. ‘मनाचा आजार लपवू नका’ असं पोस्टर आमच्या वॉर्डात आहे. ते कपाटाच्या मागे लावलेलं आहे, तो भाग वेगळा. पण बारा वर्षांच्या नोकरीत मला इतक्या आदरानं सल्ला कुणी मागितला नव्हता. साडीच्या दुकानात बसल्यासारखी मी एकेक आजार उलगडून बघितला. बीपीसाठी कुणी इतके दिवस दवाखान्यात ठेवत नाही. टीबी म्हटलं तर सोयरीक जागच्या जागी मोडणार. शुगर या वयाला शोभत नाही.

“कावीळ सांगा, काकू,” मी म्हणाले.

कावीळ हा कसा घरंदाज आजार. माणूस जेवत नाही, पडून राहतो, उतरलेला दिसतो, आणि त्याच्या चारित्र्याविषयी कुणी शंका घेत नाही. सगळं जुळत होतं. स्वतःच्या हुशारीवर मी दिवसभर खूश होते.

चौथ्या दिवशी दुपारी मुरुडहून नात्यातले पाहुणे आले. वॉर्डाची पाटी सगळ्यांनी वाचली आणि सगळ्यांनी न वाचल्यासारखं केलं. हे कसब आमच्या लोकांकडून शिकावं. पुढे सासूची थोरली बहीण होती. एका हातात उसाच्या रसाची बाटली, दुसऱ्या हातातल्या पिशवीत पितळी परात. पाच-सहा गावांत कावीळ उतरवावी तर याच मावशींनी, अशी त्यांची ख्याती. त्यांनी सुनेच्या तळहातांना कसल्याशा सालीची पूड चोळली आणि परातीत चुन्याच्या पाण्यानं हात धुतले. पाणी पिवळंधमक झालं.

“बघा, केवढी होती!” पाहुण्यांनी तोंडात बोटं घातली. जी कावीळ कधी झालीच नव्हती, ती सर्वांसमक्ष उतरली. सासूनं माझ्याकडे बघितलं, मी सलाइनच्या स्टँडकडे.

“तुम्ही बी बघा की हात धुऊन, सिस्टर,” मावशी म्हणाल्या. गंमत म्हणून मीही पूड चोळून घेतली आणि चुन्याच्या ताज्या पाण्यात हात धुतले. पाणी तितकंच पिवळं झालं. मला हसू आवरेना. मावशी मात्र हसल्या नाहीत.

“तुम्हाला बी हाय की,” एवढंच म्हणाल्या.

पंधरा दिवसांत सून अर्धी भाकरी खायला लागली. एक दिवस तिनं स्वतःची वेणी स्वतः घातली. घरी सोडताना मी तीन-तीनदा बजावलं, बरं वाटलं तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत, काही महिने घ्यायच्याच. सासू दर वेळी ‘हाव’ म्हणाली.

दीड महिन्यानं दोघी परत आल्या. सासूनं सुनेचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की सोडल्यावर वळ दिसला.

गोळ्या घरी पोचल्यापासूनच बंद होत्या. कुणी वाईट हेतूनं केल्या नव्हत्या, सगळं मायेपोटी झालं. काविळीत इंग्रजी गोळी म्हणजे लिव्हरला विष, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फक्त मला, शिकल्यासवरल्या बाईला, आजार निवडून देताना ते आठवलं नव्हतं. मावशींनी गोळ्या उकिरड्यावर फेकल्या, आणि ‘या काविळीच्या नव्हेतच’ असं सासूला म्हणता येईना.

“परवा भरदुपारी माळवदावर चढून पार कडेला उभी होती,” सासू म्हणाली. “म्हटलं, काय करून राहिलीस गं? तर म्हणली, बघून राहिले.”

मी डॉक्टरांना बोलावलं, तिची कॉट आमच्या टेबलासमोर घेतली, ओढणी-दोऱ्या काढून ठेवल्या. मग कपड्यांच्या खोलीत जाऊन रडले. ती त्या कडेला उभी राहिली यात माझाही हात होता.

“काकू, चूक माझी आहे,” मी सासूला म्हणाले.

तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. फक्त म्हणाली, “मग दुसरा सांगा.”

खोटं कशाला बोलू? थायरॉइड माझ्या अगदी जिभेवर आला होता. त्यात रोजची गोळी असते, आणि तो परातीत उतरवता येत नाही. पण समोर सून भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“आता न्हाई, काकू. आता खरा हाय तोच सांगा.”

“आन सोयरीक मोडली तर?”

लेक तिची होती, माझी नव्हती.

आठवड्यानं पाहुणे पुन्हा आले. मावशींनी पिशवीतून परात काढली, तशी सासू उठून कॉटच्या आडवी उभी राहिली.

“अक्का, ठेव ती आत. हिला कावीळ न्हाई. कधीच नव्हती. मन आजारी हाय हिचं. गोळ्या चालू हायत, आन आता त्याला कुणी हात लावायचा न्हाई.”

बाकीच्या पाहुण्यांना एकदम बसची वेळ आठवली. मावशी तेवढ्या मागे राहिल्या आणि स्टुलावर बसल्या. आता भांडण होणार म्हणून मी पदर खोचून जवळ गेले.

“सिस्टर, गोळीनं झोप लागती का हिला?”

“लागते.”

“आन सकाळी उठावं वाटतं?”

“वाटेल हळूहळू. वेळ लागतो.”

मावशींनी आपले पिवळे पडलेले तळहात पुढे धरले.

“सगळ्या गावाची उतरवली मी,” त्या म्हणाल्या. “माझी तीस वर्षं झाली, उतरंना.”

भिंतीकडे तोंड करून पडलेली सून वळली, आणि सरकून तिनं मावशींना कॉटवर जागा दिली.