गलबतकाकू आणि बंदरावरचं हॉटेल

गलबतकाकू तरुणपणी बोटीवर कामाला होत्या आणि त्यांचा पहिला नवरा कुठल्याशा बेटावर अजून त्यांची वाट बघत बसलाय, असं आमच्या गल्लीत बोललं जातं. ही अफवा मी पसरवली, असं काकूंचं म्हणणं. मला ते साफ नामंजूर आहे. अफवा बेकरीवाल्याने सुरू केली. मी तिला फक्त बेट जोडलं.

खरं सांगायचं तर काकूंना पहिला, दुसरा असं काही नव्हतं. नवरा एकच होता, कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करायचा, आणि वाट बघणं हा प्रकार त्या माणसाला जन्मात जमला नाही. चहा यायच्या आधीच कप तोंडाला लावून बसायचा. समुद्र काकूंनी एकदाच पाहिला, भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या तेव्हा. आल्यावर मी मोठ्या उत्साहाने विचारलं, कसा वाटला? म्हणाल्या, पाणी बरंच होतं. विषय संपला.

पण बेकरीवाल्याचाही दोष नाही. पाव घेता घेता एखादी बाई सहज सांगून जाते की असले कडक पाव खलाशी आधी टेबलावर आपटायचे, म्हणजे आतले किडे बाहेर पडायचे. ऐकणाऱ्याने काय समजायचं? त्याने दोन दिवस पावाची चव बघितली आणि तिसऱ्या दिवशी अफवा सोडली. सूडच घेतला म्हणा ना.

काकूंचं सगळं गलबत वाचनातलं. आणि ते वाचन एकटीचं नव्हतं, आमचं सगळ्यांचं होतं.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर आता व्यायामशाळा आहे. लोक पट्ट्यावर चढून जागच्या जागी धावतात आणि घाम पुसत खाली उतरतात. त्यांना बघितलं की मला हसू येतं, कारण त्याच जागेवर बसून आम्ही अर्धं जग फिरलोय, तेही घाम न गाळता. तिथे शर्टांचा कारखाना होता. पुढच्या खोलीत शिलाई मशीनं, मधल्या खोलीत कटिंग मास्तरांचं लांबलचक टेबल, आणि मागच्या खोलीत आम्ही काज-बटणवाल्या. हाताने काज करायचं, बटण लावायचं, दोरे तोडायचे, घडी घालून गठ्ठा इस्त्रीकडे सरकवायचा. खोलीला एकच खिडकी. तिच्या उजेडासाठी रोज सकाळी जी ढकलाढकली चालायची, तिच्यापुढे काकूंनी वाचलेल्या लढाया काहीच नाहीत. इस्त्रीची गरम वाफ, मास्तरांच्या खडूची धूळ आणि डब्यात हात घातला की बटणांची खळखळ. मला आजही कुणी डोळे बांधून तिथे नेलं, तरी नाकाने ओळखेन. आता अर्थात मोज्यांचा वास येतो.

मी तेव्हा नवीन लग्न होऊन आले होते आणि घरात बोलायला बंदी, म्हणून कारखान्यात बोलत होते. बोलण्याच्या नादात बटणं काजांसमोर येईनात. मालकांनी हुकूम काढला की मागच्या खोलीत गप्पा बंद. खोली इतकी शांत झाली की आम्हाला एकमेकींच्या पोटातली गुरगुर ऐकू यायला लागली. चौथ्या दिवशी काकू पिशवीतून पुस्तक घेऊन आल्या. बंदी गप्पांवर होती, वाचण्यावर नव्हती. काकू वाचणार आणि त्यांच्या वाटणीचे शर्ट आम्ही सगळ्या मिळून उरकणार, असं ठरलं. मालक दारात येऊन उभे राहिले, जरा वेळ ऐकलं, गठ्ठ्यावर नजर टाकली आणि गेले. पुढे कितीतरी वर्षं तेच चाललं.

पहिलं पुस्तक मात्र चुकलं. सासू-सुनेची कादंबरी होती. दुसऱ्याच दिवशी खोलीत दोन पक्ष पडले. कॉलरची काजं करणारी, म्हणजे आमची कॉलरवाली, आणि दोरे तोडणारी आठवडाभर एकमेकींना कात्री देईनात. काकूंनी पुस्तक मिटलं आणि जाहीर केलं की यापुढे इतकं लांब जायचं की तिथे कुणाची सासू नसेल. त्यांच्या यजमानांच्या दुकानाला लागून रद्दीवाला होता. त्याच्याकडे इतिहास आणि प्रवासाची पुस्तकं धूळ खात पडलेली असायची, कारण गिऱ्हाईक नाही. तो ती काकूंसाठी बाजूला काढून ठेवायला लागला.

मग काय विचारता. उंटांच्या तांड्याबरोबर वाळवंट ओलांडलं. रेशमाच्या जुन्या वाटेने गेलो. नदीचा उगम कुठे हे शोधायला निघालेल्या माणसांबरोबर तापाने फणफणलो. एकेका राजाने दुसऱ्याचं शहर जाळलं की कॉलरवाली विचारायची, यांना घरी काही कामं नव्हती का? डोंगर चढणाऱ्यांबद्दल एकच शंका सगळ्यांना असायची, आंघोळीचं काय? काकू गंभीरपणे पानं चाळून सांगायच्या की पुस्तकात त्याचा उल्लेख नाही, म्हणजे समजून घ्या.

आणि मग ते जहाज आलं.

उत्तरेला, जिथे समुद्रच गोठतो, तिथून वाट शोधायला निघालेलं जहाज. पुस्तक जाडजूड. जहाज बर्फाला धडकलं त्या दिवशी मधल्या खोलीतून कान लावून ऐकणाऱ्या मास्तरांनी कापडाचा अख्खा थर उलटा कापला; शर्टांचे पुढचे भाग सगळे डाव्याच बाजूचे निघाले. मालकांनी कारण विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, बर्फ. मालकांनी पुढे विचारलं नाही.

जहाज बर्फात रुतून बसलं आणि आम्ही त्याच्याबरोबर. कप्तान आम्हाला फारसा आवडला नाही, सारखा छाती काढून उभा. आमचा जीव जडला तो जहाजावरच्या आचाऱ्यावर. शिधा संपत आला तरी हा गडी रोज काहीतरी गरम करून पुढे ठेवायचा. चामड्याचा पट्टासुद्धा उकळला त्याने. घरी जाऊन आम्ही नवऱ्यांना त्याची उदाहरणं द्यायचो. नवऱ्यांना तो अजिबात आवडला नाही.

आमच्यात एक काजताई होती. काज सगळ्याच करायच्या, पण तिचं काज म्हणजे छापल्यासारखं. म्हणून ते नाव. तिचा धाकटा भाऊ मालवाहू बोटीवर गेला होता. परक्या बंदरात तो उतरला आणि बोट सुटताना परत चढला नाही, एवढंच कंपनीने कळवलं होतं. त्यानंतर काही नाही. खोलीत कुणी तो विषय काढत नसे. मीसुद्धा नाही, यावरून काय ते समजा. पण जहाज बर्फात अडकलं आणि एक दिवस सुईत दोरा ओवता ओवता काजताई स्वतःशीच बोलावं तशी बोलली, आचारी परतला तर आमचा धाकटाही परतेल. कुणी मान वर केली नाही. खिडकीजवळची जागा मात्र त्या दिवसापासून न भांडता तिला मिळायला लागली.

काकूंची पद्धत अशी की दुसऱ्या दिवशीचा भाग त्या आधी घरी वाचून यायच्या, अडलेले शब्द बघून ठेवायच्या. पुस्तक संपत आलं आणि काकूंचा घसा बसला. दोन दिवस वाचन नाही. काकू मान खाली घालून बटणं लावत बसल्या, आणि त्यांनी लावलेली बटणं मला नंतर काढून पुन्हा लावावी लागली. तिसऱ्या दिवशी घसा सुटला. बर्फ फुटलं, जहाज मोकळं झालं, मंडळी घरी आली. आचाऱ्याने पुन्हा बोटीवर पाय ठेवला नाही. त्याने बंदरावर हॉटेल काढलं. बोट चुकलेले खलाशी तिथे येऊन बसायचे. त्यांना तो काही विचारायचा नाही, आधी गरम सूप द्यायचा.

मालकांनी त्या दिवशी आपण होऊन चहा मागवला. मला कसली शंका आली नाही. माझ्यासारखीला आली नाही म्हणजे काकूंनी ते किती छान वाचलं असेल बघा.

पुस्तक संपलं, पण हॉटेल राहिलं. पुढची पुस्तकं आली, गेली. चहाच्या वेळी मात्र कुणीतरी विचारायचंच, काय गं, आज हॉटेलात काय? मग कुणी एक टेबल वाढवायचं, कुणी पडदे लावायचं. मी तिथे एक उधळं गिऱ्हाईक पाठवलं होतं, देखणं होतं. मास्तरांनी दारातून सांगितलं की गल्ल्यावर विश्वासाचा माणूस हवा, आणि ते स्वतः जाऊन बसले. एक दिवस काजताई बोलली, "आमचा धाकटा तिथे टेबलं पुसतो. सवय नाही त्याला, पण शिकेल." कुणी हसलं नाही. तेव्हापासून हॉटेलात काय शिजलं हे काजताई सांगायची. धाकट्याचा पगार वाढला. धाकट्याला थंडीचा कोट मिळाला. धाकटा घरी काही आला नाही, पण हॉटेलात त्याची भरभराट चालली होती.

मग तयार शर्ट बाहेरून स्वस्तात यायला लागले आणि कारखाना बंद पडला. शेवटच्या दिवशी मास्तरांनी टेबल पुसून घेतलं आणि कुणाशी न बोलता गेले. काकूंचे यजमान गेले. काजताई लेकाकडे राहायला गेली, दोन गल्ल्या पलीकडे. पण उतारवयात दोन गल्ल्या म्हणजेसुद्धा परदेशच. काकू मात्र अजून वाचतात. नजर अधू झाली, तर यजमानांचं घड्याळाचं भिंग डोळ्यात बसवतात आणि एकेक ओळ दुरुस्त केल्यासारखी वाचतात. मी समोरच राहते. हल्ली श्रोती मी एकटीच, आणि मध्येमध्ये बोलते म्हणून त्या मला रेडिओ म्हणतात.

परवा दुपारी मी त्यांची वाटी परत द्यायला गेले होते. वाटी माझ्याकडे महिनाभर होती, पण त्याच दिवशी द्यावीशी वाटली, कारण काजताईला काठी टेकत जिना चढताना मी खिडकीतून बघितलं होतं. तिच्या हातात जाडजूड पुस्तक होतं.

काजताईला आता दिसत नाही फारसं. नात तिला वाचून दाखवते. तिने नातीला त्या जहाजाचं वर्णन करून करून पुस्तक शोधायला लावलं होतं. नातीला ते कॉलेजच्या वाचनालयात मिळालं. शेवटाकडे आल्यावर नात थांबली आणि म्हणाली, आजी, आज पुरे. आजीने हट्टाने वाचायला लावलं. शेवट गोड आहे, घाबरू नकोस, असं वर नातीलाच समजावलं.

हे सगळं तिने बसता बसता सांगितलं, आणि मग पुस्तक काकूंच्या मांडीवर ठेवलं.

"आचारी मेलाय यात. सगळेच मेलेत."

काकूंनी डोळ्यातलं भिंग काढून हातात घेतलं. शेवट वाचला त्या दिवशी सगळे पांढरे शर्ट होते, म्हणाल्या, रडारड केली असतीत तर डाग पडले असते आणि एक काज सरळ आलं नसतं. मी हसले. काजताई हसली नाही, म्हणून मी ते हसू खोकल्यात घातलं.

"मग हॉटेल कुठल्या पानावर आहे?"

"पानावर नाही गं."

काजताई बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिली, काज तपासावं तसा. मला वाटलं आता ही उठून जाणार, आणि पुन्हा जिना चढायची नाही. इतक्या वर्षांत एवढ्या गप्पांत मी कधी घाबरले नव्हते, पण तेव्हा घाबरले. वाटी अजून माझ्याच हातात होती.

"इतकी वर्षं मी त्याला तिथे ठेवलाय, काकू," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "परत आला नाही तरी बरा आहे, गरम जेवतोय, असं धरून चालले. आता कुठे ठेवू त्याला?"

काकूंनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं, तिचा हात मांडीवर ओढून घेतला आणि म्हणाल्या, "तिथेच ठेव. मी हॉटेल नुसतं उघडलं, तेही एका दुपारपुरतं. एवढी वर्षं चालवलंयस ते तू. आता पुस्तकाला विचारून बंद करतेस की काय?"