साहेबांचा परिचय

तोंडावर मी त्याला सर म्हणायचे, नोकरी होती. मनात कधीच म्हटलं नाही, आणि आता पेन्शनीत तर अजिबात म्हणणार नाही. तेव्हा इथे तो म्हणजे तोच, माझा जुना इन्स्पेक्टर.

अध्यक्षकाकांचा फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, वयाने मोठे, स्वभावाने गरीब. म्हणाले, "अगं, तुझे जुने साहेब इलेक्शनला उभे आहेत, माहितेय ना?"

माहीत होतं. इथे विलायतेत पोलिसांवर देखरेख करणारा कमिशनर लोक मत देऊन निवडतात, आणि तो आमच्याच भागातून उभा होता. त्याचं पत्रक आमच्या लेटरबॉक्समधून आत पडलं होतं. मी ते रिसायकलिंगच्या डब्यात टाकलं, आणि मग राहवेना म्हणून परत काढून वाचलं.

"ते आपल्या पाडव्याच्या कार्यक्रमाला येतायत. परिचय तू करून दे. तुझ्याइतकं त्यांना इथे कोण ओळखतं?"

ही चूक फक्त आपलीच माणसं करू जाणोत. दोघं एका ऑफिसात वर्षानुवर्षं होते, म्हणजे त्यांचा जिव्हाळा असणारच. आणि पाहुण्यांचा परिचय गोडच असणार. शाल, श्रीफळ, चार शब्द कौतुकाचे, टाळ्या. आमच्या मंडळात कुणी पाहुण्याचा खरा परिचय करून दिल्याचं मला तरी आठवत नाही.

"देते की काका," मी म्हटलं.

नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला. "तू इतक्या पटकन हो म्हणालीस, मला भीती वाटतेय."

"वाटू दे," मी म्हटलं आणि कणीक तिंबायला घेतली. त्या दिवशीच्या पोळ्या फार मऊ झाल्या होत्या.

पत्रकात त्याची सगळी कारकीर्द होती. कॉन्स्टेबलपासून वर कसा चढला, किती वर्षं रस्त्यावर गस्त घातली. आणि सगळ्यात वर, फोटोशेजारी, ती कॉव्हेंट्रीची दुपार. एका एशियन कुटुंबातला वृद्ध गृहस्थ सुरी घेऊन खोलीत कोंडून बसला होता, आणि साहेबांनी शांतपणे बोलून बोलून त्याला सुखरूप बाहेर काढलं. त्याबद्दल त्याला शाबासकीचं मानपत्रही मिळालं होतं.

ती दुपार माझी होती.

मी लग्न होऊन पुण्याहून इथे आले, आधी शाळेत डिनर लेडी, म्हणजे मुलांना जेवण वाढणारी बाई होते, मग हट्टाने पोलिसात गेले. त्या दिवशी मी ड्युटीवर सार्जंट होते. ते आजोबा उतारवयात मुलाकडे राहायला आलेले, इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. मुलाने केअर होमचा विषय काढला आणि हे वरच्या लहान खोलीत जाऊन आतून कडी लावून बसले. आत गळ्याशी सुरी, बाहेर जिन्यात त्यांची बायको पदर तोंडात धरून बसलेली. अशा वेळी आमच्यात नियम असतो, दाराशी एकानेच बोलायचं, आवाज बदलायचा नाही. तो आवाज माझा होता. हा बाहेर गाडीत बसून रेडिओवर विचारत होता, "काय म्हणतोय तो? काय म्हणतोय?"

काय म्हणणार? ते बोंबलांबद्दल बोलत होते. इथल्या माशांना वासच नाही म्हणाले. मी म्हटलं, आजोबा, मी ब्राह्मणाची, मला काय विचारता. तर रागावले. मग त्यांनी दाराआडून मला बोंबील कसे तळायचे ते शिकवलं, मी मुद्दाम चुकीचं बोलत गेले आणि ते मला झापत गेले. झापणारा माणूस जीव देत नाही, एवढं मला कळत होतं. शेवटी मी म्हटलं, "आजोबा, चहा केलाय. गार झाला तर मी परत करणार नाही, आधीच सांगते."   मग कडी वाजली. दार किलकिलं करून म्हणाले, "साखर घातलीस ना? सून घालत नाही."

मग हा वर आला. तेव्हा आला.

मानपत्र त्याला मिळालं तेव्हा मी त्याच्या केबिनमध्ये गेले होते. तो हसला. म्हणाला, तू दुभाष्याचं काम छान केलंस. त्यानंतर मी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी जितक्या वेळा अर्ज केला तितक्या वेळा त्याने सांगितलं की मी एशियन कम्युनिटीतच जास्त उपयोगी आहे. सार्जंट म्हणून रिटायर झाले. मूग गिळून बसले असं लोकांना वाटलं. गिळले नव्हते, भिजत घातले होते.

पाडव्याच्या दिवशी मी गाडी काढली आणि आधी जिन्यात बसलेल्या त्या आजींकडे गेले. आजोबा पुढे कित्येक वर्षांनी, आपल्या बिछान्यात, झोपेत गेले. आजी त्याच घरात आहेत. मी त्यांना पत्रकात काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "थांब, चांगलं लुगडं नेसते."

हॉलमध्ये मी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "गोड बोल हं." मी गोडच बोलले. त्याची सगळी कारकीर्द सांगितली, एक पायरी गाळली नाही. त्याला शाल घातली, नारळ दिला. तो मला "माय सार्जंट" म्हणाला, लोकांना कौतुक वाटलं. मग मी त्या दुपारची गोष्ट सांगितली, पत्रकात होती तशीच, शब्दही बदलला नाही. फक्त एक जोडलं, की त्या आजोबांना मराठीशिवाय काही येत नव्हतं. आणि म्हटलं, साहेबांनी त्यांची समजूत कशी काढली, ते आज साहेबांच्याच तोंडून ऐकू या. दोन माईक होते, त्यातला एक त्याच्या हातात दिला.

त्याने इंग्रजीत सुरुवात केली. धीर, विश्वास, ऐकून घेण्याची तयारी. हॉलमध्ये हळूहळू कुजबूज सुरू झाली. काका खाली बघायला लागले.

आजी उठल्या. काठी टेकत, सावकाश. मराठीतच म्हणाल्या, "दाराआड होता तो माझा नवरा. मी जिन्यात होते. तुम्ही काय बोललात त्यांच्याशी, मला सांगा."

तो माझ्याकडे वाकला. तसाच वाकला जसा आयुष्यभर वाकत आला होता, माझ्याकडे न बघता, नुसता कान पुढे करून. "काय म्हणतायत त्या?"

या प्रश्नाचं उत्तर देण्यात माझी सगळी नोकरी सरली होती. दुसरा माईक अजून माझ्या हातात होता. मी तो तोंडाशी धरला आणि त्याच्याच भाषेत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सर, त्या दुपारी तुम्ही एवढं बोललात ना यांच्या नवऱ्याशी? मग यांचंही कळेल तुम्हाला."

आणि स्टेजवरून उतरून आजींच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. आजींनी माझा हात धरला. तो वर उभा होता, अंगावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात माईक, आणि सगळा हॉल उत्तराची वाट बघत होता. मला अजिबात घाई नव्हती.