मन्मथअप्पांचे अडीच फेरे

उदगीरात मोटारसायकली दुरुस्त करणारे पन्नास जण तरी असतील, पण गिऱ्हाइकाच्या मागच्या सीटवर बसल्याशिवाय कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात न लावणारा माणूस एकच, मन्मथअप्पा. सकाळी गाडी लावली, चावी दिली आणि संध्याकाळी घेऊन गेलो, हे त्यांच्याकडे जमत नाही. चेन, ब्रेक, ऑईल हे सगळं तुमच्या माघारी होईल. ट्युनिंग मात्र शेवटी, आणि मालकाला बोलावूनच. मालक पुढे, अप्पा मागे, त्यांच्या शर्टाच्या खिशात लहानसा पेचकस. बिदर रस्त्यानं पाच किलोमीटर जायचं, एका लिंबाखाली थांबायचं, इंजिन चालूच ठेवायचं. मग अप्पा खाली बसून दोन स्क्रू फिरवणार, एक हवेचा आणि एक स्लोचा, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन किती जोरात चालावं ते ठरवणारा.

लोक हसतात त्यांना. मीही हसायचे. अप्पांचं उत्तर ठरलेलं असतं. "गाडी तापल्याबिगर खरं बोलत न्हाई, बाई. आन् मागं बसल्याबिगर माणसाचा हात कळत न्हाई. कुणी रेस पिळून राहतंय, कुणी निसता क्लच दाबून बसतंय. त्याच्या हाताला पटंल तशी गाडी लावावं लागती."

अप्पा साठीला टेकलेत. सकाळी कपाळावर विभूतीचे तीन पट्टे स्वच्छ असतात, दुपारपर्यंत घाम पुसून पुसून त्यावर ऑईलचा चौथा ओढलेला असतो. कार्ब्युरेटरमधला बारीक भोकाचा जेट साफ करायला ते घरातल्या केरसुणीची काडी वापरतात. कुणी तार घालताना दिसला की खेकसतात, "भोक मोठं कराय लागलास की रे!" नव्या गाड्यांना कार्ब्युरेटरच नसतो, त्यामुळे शोरूममधून निघालेली पोरं त्यांच्याकडे फिरकत नाहीत. येतात ते दूधवाले, भाजीवाले, खेड्यापाड्यातले मास्तर, पंधरा-पंधरा वर्षांच्या शंभर सीसीच्या गाड्या घेऊन. अप्पांना त्याचं काही वाटत नाही. उलट बरं झालं म्हणतात, गर्दी कमी झाली.

आमची गाडी अशीच, २००९ ची, काळी, टाकीवर लाल पट्टा. आमच्या ह्यांनी घेतलेली. भागवत त्यांचं नाव. हयात होते तेव्हा मी त्यांना नावानं एकदाही हाक मारली नाही, आता लिहिताना मारते. बियाण्याच्या एका कंपनीसाठी ते फिरायचे. आज मुखेड, उद्या देगलूर, परवा नांदेड. गाडीवर बसले की पंचावन्नच्या खाली काटा येत नसे. त्यांना एकच वेड होतं, अ‍ॅव्हरेजचं. दर महिन्याला अप्पांकडे जायचे आणि म्हणायचे, "अजून जरा हवा द्या, अप्पा. पाच-सहा वाढतंय बघा." अप्पा नको नको म्हणत हवेचा स्क्रू सैल करायचे. हवा जास्त, पेट्रोल कमी. गाडी उभी राहिली की इंजिन इतकं हळू वाजायचं की आता गेलं, मग गेलं असं वाटावं. ठक... ठक... ठक. हे मात्र खूश. सिग्नलला, फाटकाला, कुठंही थांबले की उजव्या मनगटानं बारीक बारीक रेस देत राहायचे. ती त्यांची सवयच होती. जेवताना ताटासमोर बसूनसुद्धा मनगट हलायचं, मी ते पाहून पदरात तोंड लपवून हसायचे.

अप्पांचं आणि त्यांचं भलतंच सूत होतं. ट्युनिंगच्या नावाखाली दोघं निघायचे आणि तासाभरानं उगवायचे. पाच किलोमीटरला तास कसा लागतो, हे मी कधी विचारलं नाही. लिंबाखाली काय बोलत बसायचे कुणास ठाऊक. मला मात्र कंधारला माहेरी नेताना हेच भागवत मुखेडला चहालासुद्धा थांबायला तयार नसत! गाडी शिकवली तीही त्यांनीच. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, कॉलेजच्या मैदानावर, मित्राची गाडी मागून आणून. मी साडीत, ते मागे पळताहेत आणि ओरडताहेत, "क्लच! क्लच!" दोघांचंही हसू थांबत नव्हतं. इतकं हसणं नंतर आमच्या वाट्याला आलं नाही.

तीन वर्षांपूर्वी ते गेले. झोपेतच, हृदय बंद पडून. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी.

माझी शाळा देगलूर रस्त्यानं सोळा किलोमीटर आणि तिथून आत तीन, वाडीवर. दोन शिक्षकांची जिल्हा परिषदेची शाळा. आधी ते मला फाट्यावर सोडायचे. आता ऑटो भरला तर निघणार, नाही तर नाही, आणि फाट्यापासून पुढे पायी. लेक तनुजा लातूरला बारावीच्या क्लासला, तिनं फोनवर सांगितलं, "स्कूटी घे ना, मम्मी." वाडीचा रस्ता तिनं पाहिलेला नाही. काळ्या मातीत चाक रुतलं की स्कूटीलाच बाजेवर घालून आणावं लागेल. मी पंजाबी ड्रेस शिवून घेतले आणि सहा महिन्यांनी यांची गाडी बाहेर काढली. गल्लीतल्या बायका दाराआड झाल्या, पण बघायच्या राहिल्या नाहीत.

पण गाडी माझ्या हातात टिकेना. चालताना ठीक. समोर म्हैस आली, खड्डा आला, मी रेस सोडली की बंद. चौबाऱ्याच्या चौकात बंद, फाट्यावर बंद, शाळेच्या दारात पोरांसमोर बंद. किक मारून मारून पायाच्या पोटरीत गोळे यायचे. अप्पांकडे नेली. त्यांनी कार्ब्युरेटर उघडला, जेट फुंकले, काडी घातली, वाटी पेट्रोलनं धुतली, सगळं जागच्या जागी बसवलं. मग माझ्या मागे न बसता स्वतःच एक चक्कर मारून आले. "माझ्या हातात तर बंद पडत न्हाई, बाई. तुम्ही जरासक रेस देत जा की."

अडीच वर्षं हेच. मी दर दोन महिन्यांनी जायचे, ते दर वेळी धुऊन पुसून द्यायचे आणि रेस देत जा म्हणायचे. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं तर दुखणं आणखीच वाढलं. अप्पा ज्याच्या त्याच्या मागे बसतात, माझ्या मात्र बसत नाहीत, हे मला कळत होतं. बाईमाणसाच्या मागे बसायची लाज, दुसरं काय, असं मी धरून चालले होते. माझ्या शाळेत मुलींना मी मोठमोठी भाषणं देते आणि इथं मुकाट्यानं चावी घेऊन घरी येते, याचा मलाच राग यायचा.

गेल्या सप्टेंबरात देगलूर रस्त्यावर वळण घेताना गाडी बंद पडली. मागे सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर. ड्रायव्हरनं कसाबसा बाजूला काढला आणि जे बोलायचं ते बोलला. ही बातमी माझ्या आधी नायगावला पोचली. तिथं माझे दीर बालाजी शेती बघतात. मनानं चांगला माणूस, पण एकदा ठरवलं की ठरवलं. त्यांचा फोन आला. "वैनी, बास झालं. दादा गेला, आता तुम्हाला काय झालं म्हणजे पोरगी कुणाकडं बघंल? आईतवारी येतो, गाडी घेऊन जातो. शेताला जायला मला लागतीच. तुम्ही ऑटोनं जात जा."

म्हणजे पुन्हा फाट्यावर उभं राहणं, पुन्हा कुणीतरी नेईल तेव्हा जाणं. ते मला नको होतं. आणि खरं सांगायचं तर गाडीही कुणाला द्यायची नव्हती.

शनिवारी सकाळची शाळा सुटली तशी थेट अप्पांच्या दुकानात गेले. गाडी लावली नाही, बंदही केली नाही, रेस धरून तशीच बसून राहिले. "अप्पा, बसा मागं."

दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. अप्पांनी हात पुसले. "ऑन्... मी बघतो की चक्कर मारून."

"तुमच्या हाताची गाडी मला नको. सगळ्या उदगीरच्या मागं बसता, एका माझ्याच मागं बसायला तुम्हाला काय झालं? उद्या बालाजी गाडी न्यायला येणारेत."

अप्पांनी एकदा गिऱ्हाइकांकडे पाहिलं. मग पेचकस खिशात घातला आणि बसले. दोघांमध्ये एक आख्खा माणूस मावेल एवढी जागा सोडून, मागचं कॅरिअर घट्ट धरून. चौबाऱ्यातून जाताना पानाच्या टपरीवरचे लोक बोलायचे थांबले. तिथंच समोर हातगाडी आडवी आली आणि गाडी बंद पडली. लोकांच्या देखत मी चार किका मारल्या. अप्पा उतरले नाहीत. बिदर रस्त्याला लागेपर्यंत आणखी दोनदा बंद पडली. अडीच वर्षांत त्यांनी पहिल्यांदा पाहिलं माझं काय होतं ते.

लिंबाखाली थांबलो. मी रेस धरून उभी, अप्पा कार्ब्युरेटरपाशी उकिडवे बसले, पेचकस हवेच्या स्क्रूच्या खाचेत बसवला. आणि थांबले. मी वाट बघतेय. मिनिट झालं, दोन झाली. पेचकस फिरेना.

"अप्पा?"

वर न बघता ते म्हणाले, "अडीच फेरे हायेत ह्ये, बाई. पूर्ण आवळून अडीच फेरे बाहेर. भागवतनं शेवटी आला तवा एवढेच लावून घेतलते. तुम्ही दर वेळी आणलात की मी स्क्रू काढायचो, धुवायचो, आन् मोजून परत अडीचवरच बसवायचो. तुमच्या हाताला ह्ये चालणार न्हाई, पैल्या दिवशीच कळलतं मला. मागं बसलो असतो तर फिरवावं लागलं असतं. म्हणून बसलो न्हाई."

मला काय झालं सांगता येत नाही. आधी भडकलेच. "अडीच वर्षं भर उन्हात ढकलत नेली मी ही गाडी! ट्रॅक्टरखाली गेले असते. तुमच्या दोस्तीपायी!"

"हाव," अप्पा म्हणाले. "चुकलं माझं. लई चुकलं." आणि साठीचा तो माणूस माझ्यासमोर ऑईलच्या हातानं डोळे पुसू लागला.

राग माझा तिथंच विरला, कारण बोलता बोलता मला माझंच कळलं. उदगीरात पन्नास मिस्तरी. मी दुसऱ्या कुणाकडे का नाही गेले? कुणीही दहा मिनिटांत स्क्रू फिरवून दिला असता. गेले नाही, कारण गाडी अंगणात शिरताना ठक ठक वाजायची आणि किल्ली काढेपर्यंत क्षणभर वाटायचं, हे आलेत. तेवढ्या एका क्षणासाठी मी अडीच वर्षं किका मारत होते. अप्पांना कशाला बोलायचं?

त्यांनी पेचकस माझ्यापुढे धरला. "माझ्यानं व्हईना. तुम्ही फिरवा. मी रेस धरतो."

मी खाली बसले. पेचकस खाचेत बसवला. "आत," अप्पा म्हणाले, "घड्याळाच्या काट्यासारखं. दमानं." मी पाव फेरा आत घेतला. आवाज जरा भरला. आणखी पाव. इंजिन एकसारखं, गोल वाजू लागलं. मग अप्पांनी स्वतः स्लोचा स्क्रू थोडा वाढवला आणि रेसवरचा हात काढून घेतला. गाडी बंद पडली नाही. दोघं ऐकत उभे राहिलो. चांगला आवाज होता, कुणीही म्हणालं असतं. भागवत मात्र त्यात कुठंच नव्हते. मी रडले, लिंबाला टेकून भरपूर रडले, त्यांच्या तेराव्यालाही रडले नव्हते तेवढी. अप्पा रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

परत येताना मी मुद्दाम पंचविसानं चालवली. दुकानापाशी अप्पा उतरले तेव्हा गिऱ्हाइकं एकटक बघत होती. अप्पा त्यांच्यावर खेकसले, "काय बघून राहिलाव? ट्युनिंग करून आलाव!" आणि कामाला लागले.

रविवारी बालाजी आले. जेवले, सुपारी कातरली, मग चावी मागितली. मी दिली. अंगणात जाऊन त्यांनी एक किक मारली, गाडी लगेच सुरू झाली. ते रेस न देता बसून राहिले. मान तिरकी करून ऐकत होते. या गाडीवर तेही दादाच्या मागे बसून कितीदा कंधारच्या बाजाराला गेले असतील.

"वैनी, ही दादाची गाडी वाटंना. अप्पानं आवाज बदलला का हिचा?"

"अप्पांच्यानं न्हाई झालं," मी म्हटलं. "मी बदलला."

बालाजींनी माझ्याकडे पाहिलं. अंगणातच हळू एक चक्कर मारली, वळताना रेस सोडली, गाडी बंद पडली नाही. मग बंद केली, खाली उतरले आणि चावी माझ्या हातात ठेवली.