आमच्या आडावरचा आळ

आई होती तोवर हे लिहिणं जमलं नसतं. आता ती नाही आणि माझंही डोकं पांढरं झालंय, तेव्हा सांगून टाकतो.

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. चुडाव्याजवळच्या आमच्या गावात मी मास्तर होतो. त्या उन्हाळ्यात हैदराबादेहून एक तरुण डॉक्टर नारूचा अभ्यास करायला आला. पायातून दोऱ्यासारखा किडा निघायचा आणि तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, हे गावाला नवं नव्हतं. डॉक्टरचं म्हणणं मात्र नवं होतं. नारू झालेले पाय बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात जातात आणि ते पाणी जो पितो, त्याला पुढच्या उन्हाळ्यात नारू निघतो. आडाचं पाणी दोरानं शेंदतात, आत कुणी उतरत नाही, म्हणून आडवाल्यांना धोका नाही. "पत्रिका न बघताच भविष्य सांगायलाय," गाव हसलं. पण हे खरं ठरलं तर पायऱ्या बुजवून वर रहाट बसवायचं तहसीलीनं कबूल केलं होतं.

घरोघर विचारत डॉक्टर आमच्या ओसरीवर आला. "मास्टरसाब, तुम्ही कुठलं पाणी पिता?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "आमच्या आडाचं, सोवळ्यातलं. बाहेरच्या थेंबाला शिवत नाही माझा मुलगा."

मी मान हलवली. त्यात मी लहानपणापासून हुशार.

खरं म्हणजे दर रविवारी 'पूर्णेला जाऊन येतो' म्हणून मी निघायचो आणि बारवेजवळच्या धनगरवाड्यात मुक्काम ठोकायचो. तिथं माझा एक दोस्त होता, मेंढ्या राखायचा. त्याची बायको मटणाचं कालवण इतकं झणझणीत करायची, की खाणाऱ्यानं अर्धी बारव प्यावी. मी प्यायचो.

पुढच्या उन्हाळ्यात बारवेवरच्या घरांतच नारू निघाले. डॉक्टर खुशीत होता. तेवढ्यात माझ्या घोट्यावर फोड आला. भर उन्हाळ्यात मोजे घालणारा मास्तर किती दिवस लपणार? डॉक्टरनं मोजा उतरवला आणि डोक्याला हात लावला. "पण तुम्ही तर आडाचं पिता!"

"म्हणजे आमचा आड बाटला?" आई किंचाळली.

बारवेचं पाणी कुठं माझ्या पोटात गेलं का, हे तपासायला डॉक्टरनं मला घेऊन धनगरवाडा गाठला. मास्तर इथं कधी पाणी पितात का, असं विचारलं. दोस्तानं माझ्याकडं पाहिलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "गुरुजी? आन् आमचं पानी? सायब, आमच्या दारावरून जाताना बी धोतर सावरून जात्यात ते."

माझी अब्रू राहिली. डॉक्टरनं ऐकलं तसंच वर कळवलं: आडाच्या पाण्यानंही नारू होतो. आमच्या आडात औषध पडलं आणि पायऱ्यांचं काम वर्षभर लांबलं. आई पाणी उकळत, गाळत डॉक्टरला शिव्या घालत राहिली.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दोस्ताच्या बायकोच्या गुडघ्यात नारू निघाला. पाय आखडला. तेव्हा मात्र मी डॉक्टरकडं गेलो आणि मटणासकट सगळं सांगितलं.

"कालवण कसं होतं?" त्यानं विचारलं.

"लय चांगलं."

"मग हे सगळं तिलाच जाऊन सांगा."

मी सांगितलं. ती म्हणाली, "तुमी पानी पेत होता, हे मला म्हाईत न्हाई व्हय? मीच तर तांब्या द्यायची." मग गुडघा चोळत म्हणाली, "पर पायऱ्या त्येच्यापायी ऱ्हायल्या?"

मी मान हलवली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो मेंढ्या मोजायला बाहेर गेला.

डॉक्टरनं वर दुरुस्ती कळवली; पायऱ्या बुजल्या, रहाट बसला. तिचा गुडघा परत वाकला नाही. ती रहाटावर उभी असताना मी आईबरोबर जाताना दिसलो, की मुद्दाम मोठ्यानं हाक मारायची, "गुरुजी, पानी पेता का?"

"नको," मी म्हणायचो.

ती हसायची आणि घागर भरून तिरक्या पायानं घराकडं निघायची. आईला तिनं कधी काही सांगितलं नाही. मीही नाही.